जिथल्या तिथे

वाचकहो, गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हापासून माझे कीर्तनाला उभे राहणे बंद झाले. पंचेचाळीस वर्षे लोकांपुढे बोललो, आता बसून ऐकायचे दिवस. पण ऐकायला मिळते ते देवळातच मिळते असे नाही. मला ते दोन वर्षांपूर्वी एका खड्ड्याच्या काठावर मिळाले.

आमच्या अंबाजोगाईत सकलेश्वराचे जुने देऊळ आहे. गावात त्याला बाराखांबी म्हणतात. शिलालेखावरून ते शके ११५० चे, म्हणजे इसवी सन १२२८ चे, देवगिरीच्या यादवांच्या राजवटीतले. त्याच्या आवारात २०१८ साली राज्याच्या पुरातत्त्व विभागाने खोदकाम केले, तेव्हा आणखी दोन देवळांची जोती लागली. पुढे २०२४ च्या मार्चात पुन्हा काम सुरू झाले. नातवाच्या गाडीवर बसून मी सकाळी तिकडे जाऊ लागलो. घरात बसून माळ ओढायची ती लिंबाच्या सावलीत ओढली, एवढेच.

खोदकाम म्हणजे टिकाव-खोरे आणि धुरळा, अशी माझी समजूत. पाहिले ते निराळेच. उन्हाच्या आधी उरकावे म्हणून माणसे दिवस उगवतानाच येत. जमिनीवर खुंट्या ठोकून, सुतळी ताणून चौकोन आखलेले. वरची भर टिकावाने काढली की पुढे खुरपे, आणि काही लागले की खुरपेही बाजूला ठेवून नुसती कुंचली. बायाच जास्त होत्या. भुईमूग निंदताना हात जसा जपून चालतो तसाच त्यांचा हात चाले. पाटीभर माती उचलली की ती चाळणीतून जायची. खापराचा तुकडा निघाला तरी त्याची पिशवी वेगळी, तिच्यात चिठ्ठी: कोणता चौकोन, किती खोल, कोणता थर, तारीख. खड्ड्याच्या उभ्या कडेला मातीचे थर दिसत, काळा, पिवळट, राखेचा, पुन्हा काळा, आणि प्रत्येकाला चिठ्ठी टोचलेली. मी म्हटले, अरे, ही तर पोथी आहे! फक्त ती एकदाच वाचता येते. पान उलटले की ते पान संपले. थर खणून काढला तो कोणालाही पुन्हा खणता यायचा नाही. म्हणून वाचणारा प्रत्येक अक्षर उतरवून घेतो.

एके दिवशी कोरीव दगडाचा एक तुकडा वर आला. नक्षी होती. माझा हात आपोआप पुढे झाला. उन्हात पडलाय, सावलीत ठेवू, पाणी घालू, असे मनात. तिथली एक शिकाऊ मुलगी, माझ्या नातीएवढी, नम्रपणे म्हणाली, ‘महाराज, पाया पडा, पण हलवू नका.’

हात मागे घेतला. पण ते वाक्य मला घरापर्यंत आणि घरातून झोपेपर्यंत पुरले.

वाचकहो, देव चराचरात आहे हे आपण बोलतो. मग दगड इथे काय आणि तिथे काय? भक्ताने उचलून देवळात नेला तर बिघडले काय? उलट मानच केला की! हा प्रश्न मला खरोखर पडला. आणि तो सोडवायला मला माझ्याच धंद्यातले एक पाप आठवले. कीर्तनात आपण एक अभंग घेतो आणि त्याच्या पुष्टीला प्रमाणे देतो. तरुणपणी माझी पाठांतरे दांडगी. टाळ्या पडायच्या. पण खरे सांगतो, कितीदा तरी मी एखादा चरण त्याच्या अभंगातून उपटून आणला आहे. पुढचा चरण त्याला वळण देतो, मागचा चरण त्याचे कारण सांगतो. मी दोन्ही गाळले, कारण मला त्या दिवशी सोयीचा तेवढाच होता. संतांचा शब्द होता, खोटा नव्हता. फक्त जागेवर नव्हता. आणि जागेवरून हलला तेव्हा तो तुकोबांचा न राहता माझा झाला.

नाथबाबांनी याच्या उलट केले. परंपरा सांगते की अजानवृक्षाची मुळी माउलींच्या कंठाला लागली होती, ती काढायला नाथ आळंदीला समाधीत उतरले. त्यांनी मुळी काढली आणि बाहेर आले. वर काही आणले नाही, हलवले नाही. मग शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती मिळवून, ताडून त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. लोकांनी घुसडलेले काढले, आपल्या पदरचे घातले नाही, आणि पुढे कोणी घालू नये म्हणून बजावून ठेवले. त्यांचे पणजोबा भानुदास महाराज विजयनगराहून पांडुरंगाला परत घेऊन आले असे आपण मानतो. देव तर विजयनगरातही देवच होता, पूजाही थाटाची होती. तरी भानुदासांनी त्याला आणले ते त्याच्या विटेवर.

जागा गेल्याने काय जाते याचा एक दाखला सांगतो. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. घोडेचे पाणी भीमेला मिळते आणि पुढे आपल्या चंद्रभागेत येते, म्हणून मला ते गाव परके वाटत नाही. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम खोदले. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी माणसे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. घरांच्या जमिनीखाली मातीचे रांजण सापडले, दोन दोन, आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावलेले, आणि आत तान्ह्या लेकरांच्या अस्थी.

आता हेच रांजण एखाद्याने नांगराला लागले म्हणून काढले असते, चांगले दिसतात म्हणून घरी नेऊन धान्य भरले असते, तर? दोन रांजण राहिले असते. जागेवर सापडले म्हणून कळले की ते तोंडाला तोंड लावून ठेवले होते. जागेवर सापडले म्हणून कळले की ते रानात नव्हे, राहत्या घरात पुरले होते. त्या आईला लेकरू गावाबाहेर नेववले नाही. जिथे ती चूल पेटवायची तिथेच त्याला ठेवले. तिची भाषा आपल्याला ठाऊक नाही, तिचा देव कोणता तेही ठाऊक नाही, आणि तरी एवढे कळते. हे त्या मातीच्या भांड्याने सांगितले नाही, भांड्याच्या जागेने सांगितले.

तिथेच एका घरात, जमिनीखाली, कच्च्या मातीची झाकणाची पेटी निघाली. पेटीत बाईची मूर्ती. पेटीवर आणखी एक, शिर नसलेली, आणि शेजारी बैल. या मूर्तीला भोक, बैलाच्या पाठीलाही भोक. काडी घालून पाहिली तर बाई बैलावर नीट बसते! पोराने मूर्ती एकीकडे आणि बैल दुसरीकडे खेळायला नेला असता तर ती देवी पुन्हा आपल्या वाहनावर बसलीच नसती.

म्हणून मला आता असे वाटते की देवाला जागा लागत नाही, पण माणसाच्या साक्षीला लागते. साक्षीदाराला त्याच्या ठिकाणावरून उचलले की तो मुका होतो. देव तेवढ्याने उणा होत नाही. उणा होतो तो कोणीतरी आपल्यासारखाच माणूस, ज्याला काही सांगायचे होते.

हे मी शहाणपण म्हणून लिहीत नाही. आता जे सांगायचे आहे त्यासाठी एवढी प्रस्तावना केली. कीर्तनकाराची खोड.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात सप्ताहाला गेलो होतो. मारुतीचे नवे देऊळ बांधायचे चालले होते. सकाळी ओढ्याकडे जाताना एका शेताच्या बांधावर वीरगळ दिसली, अर्धी मातीत, शेजारी आणखी दोन फुटक्या. आपल्या मराठवाड्यात त्या गावोगाव आहेत. खालच्या चौकटीत गाई आणि लढणारा माणूस, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गाई राखताना पडलेल्या माणसाची ती आठवण. खालच्या पट्टीवर अक्षरे होती. मी बोटाने माती पुसली. जुने वळण, मला वाचता आले नाही. संध्याकाळी कीर्तनात मी सांगितले, तुमच्या गावचा वीर बांधावर ऊन खातोय आणि तुम्ही देऊळ बांधताय! लोक भारावले. काल्याच्या दिवशी बैलगाडीत घालून, टाळमृदंगाच्या गजरात वीरगळ आणली. नीट उभी राहावी म्हणून खालची पट्टी फरशीत सिमेंटने पक्की केली. वर शेंदूर, डोळे चांदीचे.

अक्षरे आहेत हे मला दिसले होते. कोणीतरी वाचील, आधी उतरवून घ्यावीत, एवढेही मला सुचले नाही. दुसऱ्या दोन फुटक्या पुढे बांध सपाट केला तेव्हा कुठे गेल्या कोणी सांगू शकत नाही.

याचे दुःख मला त्या खड्ड्याच्या काठावर झाले, आधी कधी झाले नव्हते. कारण आमच्याच गावी दुसरी एक कथा दगडावर टिकून आहे. सिंघण यादवांचा सेनापती खोलेश्वर. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. त्याची बहीण लक्ष्मी. तिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभारले आणि शके ११६२ मध्ये ते शिलालेखात नोंदवले. आठशे वर्षांनी आपण म्हणू शकतो, राम नावाचा भाऊ होता, लक्ष्मी नावाची बहीण होती. माझ्या वीरगळीच्या माणसालाही बहीण असेल. तिनेही पाथरवटाला दाणे मोजून दिले असतील, नाव नीट कोर म्हणून बजावले असेल. ते नाव मी गाडले, आणि गाडताना हरिनाम घेतले.

यंदा माघात त्या गावी जाऊन आलो. विचार होता की गावकऱ्यांना समजावून वीरगळ सोडवावी, अक्षरे वाचणाऱ्याला दाखवावी. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीवरचे शेंदराचे थर काढले, मूळ रूप दिसले, आणि भक्ती काही आटली नाही. मग इथे का नको? मनात असा युक्तिवाद तयार ठेवून गेलो.

देवळात एक म्हातारी होती. तिने मला ओळखले. ‘महाराज, हा राखणदार तुम्हीच बसवला न्हवं? माझं धाकटं तापानं फणफणलं होतं तवा याच्याच पायाशी आणून घातलं. आता त्यालाच नातवंडं झाली.’

युक्तिवाद तोंडातच राहिला. पंचेचाळीस वर्षांचे नवस, नारळ, अश्रू. खड्ड्याच्या कडेला जसे थर पाहिले तसा हाही एक थर की! माझ्या चुकीवर साचला असला तरी तो थर खराच आहे. तो खणायचा म्हटला तर तो पुन्हा लावता यायचा नाही. बांधावरून उचलला तेव्हा मी एका माणसाची साक्ष तोडली. आता इथून उपटला तर या बाईची तोडीन. आणि नाही उपटला तर तो पहिला मुकाच राहणार. मी अजून या प्रश्नात उभा आहे.

एवढे मात्र केले. वही काढली आणि त्या मुलीच्या चिठ्ठीसारखे लिहिले: वीरगळ कोणाच्या बांधावर होती, जुन्या विहिरीपासून किती पावलांवर, तोंड कोणत्या दिशेला, शेजारी आणखी किती होत्या, खालच्या पट्टीवर किती ओळी दिसल्या. दोन, असे आठवते. एक प्रत गावात ठेवली, एक घरी आहे. तुमच्या शेतात नांगराला काही लागले तर हलवण्याआधी एवढे तरी लिहा, आणि तहसीलला कळवा. निखात निधीचा कायदा १८७८ पासून आहे, पण तो आपल्याकडे कीर्तनात कोणी सांगत नाही. मीही सांगितला नव्हता.

म्हातारीला अखेर सांगून टाकले, की याच्या पायाशी याचे नाव लिहिलेले आहे आणि ते मी झाकले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘शेंदराची खोळ कधीतरी आपणहून सुटतीच, महाराज. सुटली की वाचा.’

खोळ सुटेल, माउली. पण नाव शेंदराखाली नाही, सिमेंटखाली आहे. आणि ते कालवले तेव्हा पाटी धरायला मीच होतो.