रिकामी जागा

न्यूझीलंडमधील निन्जा किवी या मंडळीनें २०१८ सालीं काढिलेला 'ब्लून्स टीडी ६' हा खेळ वरवर पोरकट दिसतो. वाटेनें येणारे फुगे माकडांकडून फोडवावयाचे, एवढाच त्याचा पसारा. परंतु दूरदूरच्या चौघांनीं मिळून खेळावयाचा जो त्याचा प्रकार आहे, त्यांत नीतिशास्त्रानें लक्ष घालावें असें पुष्कळ आहे. प्रत्येकाची जमीन निराळी, पैसा निराळा. प्राण मात्र सामाईक. एकाच्या हद्दींतून निसटलेला फुगा चौघांचेंही आयुष्य तोडितो.

शिवाय आपला पैसा सोबत्यास देतां येतो. तो परत मिळेलच असें बंधन नाहीं. आणि देण्याचे प्रसंग तर वारंवार येतात, कारण उत्तमोत्तम माकडें फार महाग. विखुरलेला पैसा चार मध्यम रक्षक उभे करितो, एकत्र झाला तर एक प्रबळ. मात्र तो उभा राहतो दुसऱ्याच्या जमिनींत, दुसऱ्याच्या नांवानें! द्रव्यासोबत श्रेयही सोडावें लागतें, आणि अनोळखी माणसासाठीं तें सोडणें भल्याभल्यांस जड जातें.

ऐतखाऊंचा प्रश्न निराळाच. कांहीं गडी आपल्या जागेंत कांहींच न उभारितां विजयांत भाग घेतात. त्यांची चीड येणें स्वाभाविक आहे. पण ज्यानें सर्वस्व देऊन टाकिलें, त्याचीही जमीन तशीच ओसाड दिसते. नुसत्या पटाकडे पाहून दाता कोण व आळशी कोण हें ओळखूं येत नाहीं. धाकट्यांचीं शिक्षणें करून स्वतः मागें राहिलेल्या थोरल्या बहिणीविषयीं पुष्कळ कुटुंबांत असाच गैरसमज असतो.