बद्ध कोण?

श्रावणातील तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी करीत असता, चिखलाने माखलेल्या माझ्या अनवाणी पावलांकडे पाहून बंधनाचा प्रश्न पुन्हा मनात उभा राहिला. असाच फेरा घालणारा, बद्ध म्हटला जाणारा एक कण मला आठवला. १९५८ साली भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन अ‍ॅलन यांना पृथ्वीभोवती जे पट्टे आढळले, त्यांतील विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेभोवती गिरक्या घेतो, ध्रुवांकडील प्रबळ क्षेत्रापासून माघारी वळतो, आणि या येरझारांतच पृथ्वीची प्रदक्षिणा करतो. प्रोटॉन पश्चिमेकडे, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. चुंबकीय वादळात हा फेरा बळावला, की मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामगाड्यांमुळे १९०४ साली अलिबागेस उभारलेल्या वेधशाळेच्या दफ्तरी पृथ्वीच्या क्षेत्राची घट नोंदली जाते.

मला विलक्षण वाटते ते हे, की स्थिर चुंबकीय क्षेत्र कणाची ऊर्जा यत्किंचितही हिरावून घेत नाही, केवळ त्याची दिशा वळविते. ज्याची शक्ती अबाधित आहे त्यास बद्ध म्हणावे काय? आणि बलरेषेशी जवळजवळ समांतर धावणारा कण न वळता वातावरणात शिरून आपली सारी ऊर्जा गमावतो, त्याच्या त्या सुटकेस मी तरी मोक्ष म्हणू धजत नाही.

पुढे एक वृद्धा ओल्या धोंड्यावर तळहात टेकून, डोंगर उजव्या हाती ठेवीत, वळणाआड गेली.