शेवटचे पान

देवळातील महाप्रसादाच्या पंगतीत कोणाच्याही पानावर डाळ कमी पडू नये, अशी वाढप्यांची धडपड असते. घरच्या पंगतीत ही दक्षता कोठे जाते?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील ज्येष्ठ स्त्रीस, ती १८ वर्षांची झालेली असल्यास, शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुख मानले. परंतु कायदा उंबरठ्यापर्यंत येतो, ताटापर्यंत पोहोचत नाही. पुष्कळ घरांत तीच प्रमुख सर्वांच्या शेवटी जेवते. तिच्या वाट्याला बहुधा भात आणि आमटीचे पाणी उरते. धान्यातील प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते. पालेभाजीतील लोह लिंबाच्या फोडीमुळे अधिक अंगी लागते. नेमके हेच जिन्नस आधी संपतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. शेवटचे पान त्यांपैकी नव्हेच, असे कोण छातीठोकपणे म्हणेल?

‘ती स्वखुशीने मागे थांबते,’ हा बचाव आम्हां वकिलांच्या परिचयाचा आहे. पण जिला कधी विचारलेच नाही, तिची संमती कोणत्या न्यायाने गृहीत धरावी? वाढण्यापूर्वीच तिचा वाटा बाजूला काढावा. देवाचा नैवेद्य आपण आधी काढतोच.