पंचकेदारची वाट आणि सहयात्रिकाचा धर्म

॥ ॐ नमः शिवाय ॥

सद्भक्तहो, श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी अनेकांच्या मनात आयुष्यात एकदा तरी केदारनाथाचे दर्शन घडावे, ही आस असते. काही भाग्यवंत त्याही पुढे जातात आणि पाठीवर मोजके सामान घेऊन गढवाल हिमालयातील पंचकेदारांची पदयात्रा करतात. ही यात्रा अनेक दिवसांची व कष्टाची असून तिचे मर्म तिच्या कथेतच आहे.

भारतीय युद्धानंतर स्वकीयांच्या वधाचे पातक फिटावे म्हणून पांडव श्रीशंकरांच्या शोधात निघाले. भगवंतांनी त्यांना सहजासहजी दर्शन दिले नाही. ते गुप्तकाशीस गुप्त झाले व वृषभरूपाने वावरू लागले. भीमाने त्यांना ओळखून धरले, तेव्हा ते भूमीत अंतर्धान पावले. पुढे केदारनाथी पाठीचा उंचवटा, मध्यमहेश्वरी नाभी, तुंगनाथी बाहू, रुद्रनाथी मुख आणि कल्पेश्वरी जटा प्रकट झाल्या, अशी श्रद्धा आहे. तात्पर्य, एकाच स्थानी उभे राहून भगवंताचे पूर्ण दर्शन घडत नाही. त्यासाठी चालावे लागते.

ही वाट सोपी नाही. गौरीकुंडापासून केदारनाथ सुमारे १६ किलोमीटर. सगर गावापासून रुद्रनाथ सुमारे २० किलोमीटर असून त्यात बांज व बुरांशच्या वनातील दीर्घ चढण आहे. वन संपले की ‘बुग्याल’ म्हणजे उंचावरील विस्तीर्ण कुरणे लागतात. तुंगनाथाचे मंदिर सुमारे ३,६८० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. धाप लागते, डोके दुखते, आणि घरी हलकी वाटलेली पिशवी जड होऊ लागते. जन्मभर साठविलेल्या वस्तूंपैकी किती थोड्या खरोखर लागतात, हे अपरिग्रहाचे तत्त्व ग्रंथ वाचून जेवढे उमजत नाही, तेवढे येथे खांदे शिकवितात.

परंतु या वाटेची खरी परीक्षा ओझ्याची नसून सोबतीची आहे. एकत्र निघालेल्यांत एखादा मागे पडतोच. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला मळमळते. वर मंदिराचा कळस दिसत असतो आणि खाली सोबती दगडावर बसलेला असतो. त्या क्षणी ‘आम्ही दर्शन घेऊन येतो, तू येथेच बैस’ असे म्हणणे फार सोपे असते. उंचीचा त्रास वाढत असताना मात्र तेथे बसून राहणे जिवावर बेतू शकते. वेळीच खाली उतरणे हाच त्यावरील मुख्य उपाय होय. अशा वेळी धर्म कोणता, वर जाणे की सोबत्यासह उतरणे?

याचे उत्तर महाभारताच्या अखेरच्या पर्वांत आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर प्रथम द्रौपदी पडली. मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीमाने कारण विचारले, युधिष्ठिराने ज्याचा त्याचा दोष सांगितला आणि मागे न पाहता तो चालत राहिला. त्याचे शब्द खरे होते. पण कथा तेथे संपत नाही. रथ घेऊन आलेल्या इंद्राने सोबतच्या श्वानाला सोडून येण्यास सांगितले, तेव्हा आश्रितास टाकून मिळणारा स्वर्ग त्याने नाकारला. पुढे स्वर्गात बांधव दिसेनात, म्हणून तो त्यांच्या शोधात नरकापर्यंत गेला. तेथे त्यांचे आर्त स्वर ऐकून ‘मी येथेच राहीन’ असे त्याने देवदूतास सांगितले. आणि मग तो नरकच मावळला. ज्याने वाटेवर वळून पाहिले नव्हते, त्यालाही अखेर आपल्या माणसांजवळ थांबावे लागले. त्याचे पुण्य त्या थांबण्यात पूर्ण झाले.

जून २०१३ मध्ये केदारनाथ परिसरात आलेल्या महाप्रलयात हजारो जीव गेले. हिमालय कोणाच्याही संकल्पाला बांधील नाही, हे त्या दिवसांनी दाखविले. म्हणून पाऊस लागला, दरड कोसळली अथवा सोबत्याची प्रकृती ढासळली, तर माघारी फिरण्यात कमीपणा नाही. अर्ध्या वाटेवरून सोबत्याचा हात धरून उतरलेल्याची यात्रा भगवंताच्या दारी अपुरी राहत नाही. भूमीत गुप्त होणारा महादेव त्या थकलेल्या माणसातही गुप्त असू शकतो. त्याला ओळखून धरणे हे भीमाचेच काम आहे.

हिमालयात जाण्याचा योग प्रत्येकास येईलच असे नाही. पण ही परीक्षा येथील दर्शनरांगेतही होते. पुढील वृद्ध मातेची पावले मंद पडली, तर तिला हात द्यावा. कोणाचे मूल रडत असेल, तर त्यास वाट करून द्यावी. दानशूर भाविकांनी दिलेल्या प्रत्येक रुपयामागेही हाच भाव असावा, की आपल्या मागून येणाऱ्या अनोळखी यात्रेकरूस घोटभर पाणी, घासभर अन्न आणि घडीभर विसावा मिळावा. देवापर्यंत लवकर पोहोचणारा धन्य आहे. पण मागे राहिलेल्यास सोबत घेऊन येणाऱ्याची तर देवच वाट पाहतो.

हर हर महादेव!

॥ श्रीशिवार्पणमस्तु ॥