कल्पाची संख्या आणि अनंताचा प्रश्न

कोकणातील तळा यासारख्या गावात पूजेच्या आरंभी जो संकल्प केला जातो, त्यात तिथी-वाराच्या आधी कल्प, मन्वंतर व युग या कालमानांचा उच्चार होतो. पुराणांनुसार कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४,३२,००,००,००० वर्षांचा असतो. ही संख्या २चा अकरावा, ३चा तिसरा आणि ५चा सातवा घात यांचा गुणाकार असून तिला ३८४ विभाजक, म्हणजे निःशेष भाग देणाऱ्या संख्या, आहेत. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ज्योतिषग्रंथात (इ. स. ११५०) कल्पाचे सावन दिवस, म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंतचे दिवस, १५,७७,९१,६४,५०,००० धरले, त्यावरून वर्ष सुमारे ३६५.२५८४ दिवसांचे येते, आणि काळ एवढा विशाल घेतल्यामुळेच सर्व ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकांत मांडता येतात.

मग ही संख्या केवळ गणिताची सोय ठरते काय? तसे म्हणणे अपुरे आहे, कारण कल्पनेत न मावणारी ही संख्या मोजता येते आणि जे मोजता येते ते संपते. म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवसही मावळतो. विशाल आणि अनंत यांतील हा भेद ध्यानी आला, की संकल्पात स्वतःचा दिवस उच्चारणाऱ्या माणसाला आपल्या क्षणाची मर्यादा आणि त्याचे मोल एकदमच उमगते.