दुसरे शील आणि औषधाची किंमत

नवदीक्षित बौद्ध कुटुंबात त्रिशरण-पंचशील रोज म्हटले जाते. दुसरे शील लहान मुलांनाही पाठ असते. त्याचा अर्थ विचारला की उत्तर मिळते, 'चोरी करू नये.' हा अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे. तथागतांचा शब्द अदिन्नादान असा आहे. अदिन्न म्हणजे न दिलेले, आदान म्हणजे घेणे. दुसऱ्याने राजीखुशीने जे दिले नाही ते घेणे, येथपर्यंत हे शील पोहोचते.

आता एक प्रश्न पाहू. घरातला कर्ता माणूस अंथरूण धरतो. बायको अंगावरचे किडूकमिडूक गहाण टाकते आणि औषध घरी येते. दुकानदाराने पावती दिलेली असते. कायदा कोठेही मोडलेला नसतो. (आपल्या वस्त्यांतून नवस सुटले, पण दुखणे आले की सावकार मात्र सुटत नाही!) हे पैसे त्या बाईने 'दिले' असे म्हणावयाचे काय?

कोणी म्हणेल, औषध शोधण्यास पैसा लागतो, कामगाराला पगार द्यावा लागतो, मग किंमत घेण्यात पाप कसले? हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. तेवढे घेणे अदिन्नादान नव्हेच. परंतु किंमत खर्चावरून ठरते की कायद्यावरून, हे पाहिले पाहिजे. 1970 च्या पेटंट कायद्याने पेटंट औषधावर मिळत नसे, ते तयार करण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे देशी कारखाने तेच औषध निराळ्या पद्धतीने काढू शकले आणि औषधे स्वस्त झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 1 जानेवारी 2005 पासून औषधावरच पेटंट देणे भाग पडले. त्या करारासाठी बड्या औषध कंपन्यांनी किती जोर लावला, हे जगजाहीर आहे. पुढे मूत्रपिंडाच्या व यकृताच्या कर्करोगावरील एका औषधाची किंमत महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार रुपये होती. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रकांनी सक्तीच्या परवान्याची तरतूद वापरून दुसऱ्या कंपनीस ते काढण्याची परवानगी दिली, तेव्हा त्याची किंमत 8,880 रुपये ठरली. औषध तेच, रोगीही तोच! मग मधले पावणेतीन लाखांच्या आसपासचे रुपये कशाचे?

किंमत कायदा ठरवतो, तर कायदा कोण ठरवतो? मतदार, असे आपण समजतो. 2017 साली कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकण्यात आली. 2018 पासून निवडणूक रोखे निघाले. कोणी कोणत्या पक्षास पैसा दिला, हे मतदाराला कळू नये अशीच त्यांची रचना होती. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरविली आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. त्यांत औषध कंपन्या होत्या, इस्पितळेही होती. कोणत्या देणगीमुळे कोणाचे काय काम झाले, हे त्या याद्यांवरून सिद्ध होत नाही. पण शीलाचा प्रश्न तेथेच उभा राहतो. राजीखुशी म्हणजे जाणून-समजून दिलेली संमती. ज्या बाईपासून हा व्यवहार दडवून ठेवला, तिने पुढे मोजलेली किंमत तिने दिली असे मला तरी म्हणवत नाही.

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त या दृष्टीने वाचावे. राजाने राज्याचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य वाढले, आणि दारिद्र्यातून अदिन्नादान. दोषाचा माग चोराच्या झोपडीपाशी थांबत नाही, तो राजाच्या दारापर्यंत जातो.

बाबासाहेबांनीही बोट तेथेच ठेवले. 1928 साली मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकास पाठिंबा देताना, हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे ते म्हणाले. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला विमा सक्तीचा असावा, अशी त्यांची मागणी आहे. यात दयेची भाषा कोठेही नाही. आपल्यापैकी पुष्कळजण मात्र अजूनही 'सरकारने दवाखाना दिला' असे हात जोडून म्हणतात.

सरकारी दवाखान्यात औषध शिल्लक नसले की बाहेरची चिठ्ठी हातात पडते आणि आपले लोक निमूटपणे दुकानाकडे वळतात. विहारात एक वही ठेवावी. चिठ्ठीवरचे औषध, तारीख आणि मोजलेले पैसे प्रत्येकाने तीत लिहावे. नाव लिहिण्याची गरज नाही. निवडणुकीत मते मागायला जो कोणी वस्तीत येईल, त्याच्यापुढे ती वही उघडावी आणि त्याच्या पक्षाला पैसा कोण पुरवतो, हे त्याला सर्वांसमक्ष विचारावे.