पाण्याखालची शांतता कोणाची?

मरणाचे विचार मनात घेऊन वर्षानुवर्षं जगणाऱ्या माणसांच्या बोलण्यात पाणी पुन्हा पुन्हा येतं. 'मरायचंय' असा शब्द त्यांच्या तोंडी येईलच असं नाही. खोल पाण्याखाली असावं, वरचा कुठलाही आवाज खाली पोचू नये, कोणी हाक मारू नये, अंगावर कसलाच भार राहू नये, एवढंच मागणं असतं. ऐकणारा घाबरतो किंवा 'असं काहीतरी मनात आणू नये' म्हणून विषय बदलतो. देवाधर्माच्या घरात तर वर पापाची भीतीही घातली जाते. मला वाटतं, ही ओढ पाप नाही आणि खोटीही नाही. ती शांततेची ओढ आहे. पण ती शांतता फक्त जिवंत माणसाच्या वाट्याला येऊ शकते, आणि मरण ती देईल हा हिशेब चुकलेला आहे.

आधी शरीराचं पाहू. पाण्यात गेल्यावर शांत वाटतं हा काही कवींचा भास नव्हे. श्वास रोखून चेहरा गार पाण्यात बुडवला की कपाळ, डोळे आणि नाकाभोवतीच्या मज्जातंतूंकडून मेंदूला निरोप जातो आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात. पाणी शरीर तोलून धरतं, म्हणून स्नायूंचं काम कमी होतं. हवेतले आवाज पाण्यात फारसे शिरत नाहीत. भावनांचा कल्लोळ असह्य झाला की चेहऱ्यावर गार पाणी धरायला शिकवणारी मानसोपचाराची एक पद्धत याच गुणाचा उपयोग करून घेते. मात्र हा सगळा आराम छातीत हवा असेपर्यंतचा. थोड्याच वेळात रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, शरीर हवेसाठी धडपडू लागतं आणि शांतता तिथेच संपते. पाण्याखालचा निवांतपणा काठावरच्या श्वासाच्या जिवावर उभा असतो.

यावर विचारी माणूस म्हणेल, की शरीराचं सोडा. गाढ झोपेत कोणालाच दुःख नसतं, मरण म्हणजे न संपणारी झोप समजली तर त्यात वाईट काय? हा आक्षेप जुना आहे आणि आपल्याकडे तो फार गंभीरपणे हाताळला गेला आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात इंद्र प्रजापतीकडे आत्मा म्हणजे काय हे शिकायला जातो. एका टप्प्यावर प्रजापती त्याला सांगतो, की स्वप्नही न पाहता जो शांत झोपलेला असतो, तोच आत्मा. इंद्र समाधानाने निघतो, पण देवांपर्यंत पोचण्याआधीच त्याला शंका येते. या अवस्थेत माणसाला 'मी आहे' हेही कळत नाही, दुसरं कोणी आहे हेही कळत नाही. हा तर जणू नाशच झाला, यात मला काही भलं दिसत नाही. तो समिधा हातात घेऊन परत येतो. प्रजापती त्याला रागावत नाही. तुझं बरोबर आहे, असं म्हणून आणखी पाच वर्षं राहायला सांगतो. एकशे एक वर्षांच्या त्या विद्यार्थिदशेतली ही शेवटची पाच वर्षं याच शंकेपोटी आली. दुःख नाही एवढ्यावरून एखादी अवस्था चांगली ठरत नाही, हे इथे इंद्राच्या तोंडून आलं आहे आणि गुरूने ते मान्य केलं आहे. पुढे अद्वैत्यांनी याच झोपेचा विचार करताना एक साधी गोष्ट दाखवून दिली: झोप सुखाची झाली, हे सांगतो तो जागा झालेला माणूस. जागं होणारं कोणी उरलंच नाही, तर सुखाची झोप झाली असं म्हणायला आधार कोणता?

बुद्धाने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. दुःखाचं मूळ असलेल्या तृष्णेचे त्याने तीन प्रकार सांगितले आणि त्यांत भोगाच्या व असण्याच्या तहानेबरोबर 'नसण्याची तहान' म्हणजे विभवतृष्णाही धरली. आपण नसावं ही इच्छा तहानेतून सुटका करत नाही, कारण ती स्वतःच तहान आहे. वैशालीतला एक प्रसंग विनयपिटकात आला आहे. देहाच्या अशुभत्वाचं ध्यान करता करता काही भिक्षूंना शरीराचा इतका वीट आला, की त्यांनी जीव दिला किंवा दुसऱ्याकडून घेववला. एकांतवासातून परतलेल्या बुद्धाने उरलेल्या भिक्षूंना जमवलं आणि दुसरं ध्यान दिलं, आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणं. उन्हाळ्यात उडालेली धूळ मोठ्या पावसाने खाली बसते, तसं हे ध्यान मन निववतं, असं त्याने सांगितल्याचं सुत्तात आहे. जगण्याचा वीट आलेल्यांना त्याने श्वासच धरायला दिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. ज्या परंपरेत जलसमाधीला मान आहे, एकनाथांनी १५९९ साली पैठणला गोदावरीत देह ठेवला असं श्रद्धेने सांगितलं जातं, जैनांमध्ये सल्लेखनेचं, म्हणजे अन्न सोडत मरणाला सामोरं जाण्याचं व्रत आहे, तिथे मरणाची इच्छा चुकीची कशी ठरवता? उत्तर त्याच परंपरांत आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रत मलिन करणारे दोष दिले आहेत, त्यांत जगण्याच्या इच्छेबरोबर मरणाची इच्छाही आहे. वेदनेला कंटाळून 'लवकर सुटावं' असं वाटलं की व्रताला डाग लागतो. संतांच्या समाधीकडेही वारकरी कार्य पूर्ण झाल्याची खूण म्हणून पाहतात, त्रासातून पळाल्याची नव्हे. आणि पाण्यात देह सोडण्याची एक कथा आपण पुरेशा गांभीर्याने वाचतच नाही. संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि त्यांनी व रुक्मिणीबाईंनी पाण्यात देह सोडला, अशी परंपरा आहे. मागे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार मुलं उरली. या मरणाला पवित्र म्हणणं म्हणजे बहिष्कार घालणाऱ्यांना मोकळं सोडणं आहे. त्या दोघांना पाण्याकडे नेलं ते वाळीत टाकणाऱ्या गावाने, आणि मुलांनाही शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करावी लागली. आजही पाण्याच्या ओढीमागे पुष्कळदा कोणीतरी घातलेला भार असतो: कर्ज, मारहाण, जात, परीक्षा, लपवावं लागलेलं प्रेम. ओढ असलेल्या माणसाला उपदेश करण्याआधी तो भार कोणी घातला हे विचारायला हवं.

तत्त्वज्ञानाने कोणाची वेदना थांबत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर औषध आणि उपचार लागतात. उपनिषद त्याची जागा घेऊ शकत नाही. विचाराचं काम एवढंच, की वेदना सांगते ते सगळंच खरं मानू नये. आत्महत्येचा आयुष्यभर अभ्यास केलेले एडविन श्नाइडमन असह्य मनोवेदनेला तिच्या मुळाशी ठेवत. ती वेदना थोडी जरी उतरली तरी माणूस जगणं निवडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. रिचर्ड सायडन यांनी १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर जीव देण्यापासून अडवल्या गेलेल्या ५१५ जणांची माहिती काढली, तेव्हा सुमारे ९४ टक्के लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. जी इच्छा कायमची वाटत होती ती बहुतेकांच्या बाबतीत टिकली नाही. आपल्या कायद्यानेही उशिरा का होईना हे ओळखलं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर येते.

म्हणून घरात कोणी 'पाण्याखाली शांत वाटेल' असं म्हणालं, तर विषय बदलू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ, प्रेमाने विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. आणि ही ओढ तुमचीच असेल, तर ती कोणाला तरी सांगा. विचाराचा बेत होऊ लागलाय असं वाटलं तर एकटे राहू नका, पाण्याच्या काठापासून दूर राहा, सोबत मागून घ्या, डॉक्टरांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आजच फोन करा.